‘छान झाल्यात हो’ या शब्दांचं करायचं काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार. ‘शेजाऱ्यापाजाऱ्यांचं कौतुक पोकळ असतं, त्याच्या भरवशावर फराळाच्या ऑर्डरी घेऊ नका,’ असं मागच्या लेखात म्हटलं होतं. तुम्ही त्यावर तीन आक्षेप घेतलेत. ज्या बाईला तीस वर्षांत कुणी चांगलं म्हटलं नाही, तिला तो पोकळ शब्दही पुरतो, हा पहिला. नावं ठेवणारे तरी कुठे खरं बोलतात, हा दुसरा. आणि गिरगावातली तुमची अख्खी चाळ पंधरा वर्षं तुमच्या चकल्यांना छान म्हणते आहे, ती सगळी माणसं खोटारडी का, हा तिसरा. जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय की यंदाच्या चकल्या तिसऱ्या दिवशी मऊ पडल्या आणि कुणी एका शब्दाने बोललं नाही. त्या वाक्याकडे शेवटी येऊ.

‘पोकळ’ हा शब्द लागला हे कळलं. (चकली मोडल्यावर आत नळी दिसायला हवी, म्हणजे पोकळपणाला फराळात तरी मान आहे.)

चाळ खोटारडी अजिबात नाही. दिवाळीचं ताट आलं की ते कुणी रिकामं परत पाठवत नाही. घरात दुसरं काही नसलं तर मूठभर साखर तरी घालतात. ‘छान झाल्यात हो’ ही तशीच साखर आहे. ताटात साखर आली म्हणून आपली चकली पास झाली, असं कुणी समजत नाही. शब्दांच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच समजून बसतो. शिवाय रोज ज्या बाईशी जिन्यात गाठ पडते, तिला ‘मोहन कमी पडलं’ (मोहन म्हणजे पिठात घालायचं कडकडीत तेल) म्हणणं कुणाला परवडतं? धर्माची गाय आणि दात का नाय, असं विचारणारा शेजारी दुसऱ्या वर्षी ताटाला मुकतो.

तीच शेजारीण ऐन श्रावणात येऊन ‘अर्धा किलो करून द्याल का, पैसे घ्यावे लागतील, व्याह्यांकडे पाठवायच्यात’ म्हणाली, तर ते वाक्य लिहून ठेवा. त्यात ‘छान’ शब्द नाही, पण तिने पैसे मोजले आणि व्याह्यांसमोर स्वतःची अब्रूही पणाला लावली. कौतुकाचं वजन करायचं तर बोलणाऱ्याने त्यासाठी काय खर्च केलं ते बघावं.

पहिला आक्षेप मात्र पूर्ण मान्य, मूळ लेखात त्याला जागाच नव्हती. दखल आणि पारख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लेख फक्त पारखीबद्दल बोलत होता. कित्येक घरांत मीठ कमी पडलं तरच तोंड उघडायचं, ताट मुकाट रिकामं झालं म्हणजे जमलं, असा अलिखित नियम असतो. त्या घरातल्या बाईला पारख नको असते, दखल हवी असते. पण त्यालाही कोरडं ‘छान’ फारसं पुरत नाही. ‘या वेळी काटा मस्त आलाय, एकही तुटली नाही,’ हे म्हणायला चकलीकडे बघावं लागतं, आणि आपल्या कामाकडे कुणी बघितलं हेच तर हवं असतं. त्याहून बरं म्हणजे सोऱ्या हातात घेणं. उकड गार होत गेली की घट्ट होते, तिसऱ्या घाण्यापर्यंत दाबणारीचं मनगट भरून येतं. तेव्हा पुढे झालेल्या हाताने तोंडाने काही म्हटलं नाही तरी चालतं.

आपल्याकडच्या सगळ्यात लाडक्या कौतुकाबद्दलही बोलायला हवं: ‘हिच्या हाताला चव आहे.’ ऐकायला गोड, कामाला घातक. 1998 साली क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मुलांनी कोडी सोडवल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’. पुढे हुशार म्हटलेल्यांचा कल सोप्या कोड्यांकडे गेला. अवघड कोडी चुकल्यावर त्यांची आधी जमलेल्या पातळीची कोडीही बिघडली, आणि गुण सांगताना त्यांच्यातच वाढवून सांगणारे जास्त निघाले. मुलांचा प्रयोग थेट स्वयंपाकघराला लावता येत नाही, हे खरं. पण हाताला चव आहे म्हटल्यावर वाटी कोण मोजणार? भाजणी अंदाजाने, मोहन अंदाजाने, पाणी ‘लागेल तसं’. आणि ज्या वर्षी बिघडतं त्या वर्षी काय बदललं हे शोधायला वहीत एक आकडा नसतो. ‘तू डाळी वेगवेगळ्या आणि मंद आचेवर भाजल्यास, हे बरं केलंस,’ असं कुणी म्हटलं तर तीच गोष्ट पुढच्या वर्षी पुन्हा करता येते.

नावं ठेवणाऱ्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. काहीतरी बोलायचं म्हणून ‘जरा तिखट हवं होतं’ म्हणणारे पुष्कळ. त्यातही काहीतरी खटकलं हे सांगताना माणूस सहसा चुकत नाही, पण काय खटकलं आणि त्यावर उपाय काय, हे सांगताना हमखास चुकतो. ‘तिखट हवं’ म्हणणाऱ्याला कित्येकदा मीठ कमी लागलेलं असतं. ‘तेलकट आहे’ ही तक्रार ऐकून मोहन कमी केलं की चकली दगड होते, कारण खरा दोष बहुतेकदा तेल पुरतं न तापवता पहिला घाणा सोडण्यात असतो. म्हणून तक्रार ऐकायची, औषध आपण शोधायचं.

पारख हवीच असेल तर ‘कशी झाली?’ विचारू नका, त्याला एकच उत्तर आहे. तीन वाट्या घ्या, अ, ब, क. दोन वाट्यांत नेहमीची चकली, एकीत बदललेली, समजा वाटीभर भाजणीला एका चमच्याऐवजी दीड चमचा मोहन घातलेली. आकार आणि रंग सारखा ठेवा, नाहीतर जीभ राहते बाजूला आणि डोळेच निकाल देतात. सहा जणांना वेगवेगळं बसवून, प्रत्येकाला वाट्यांचा क्रम बदलून द्या, मध्ये पाण्याचा घोट. विचारायचं एवढंच: यातली वेगळी कुठली? नुसत्या अंदाजाने तिघांत एकाचं बरोबर येतंच. सहापैकी चौघांनी ओळखलं तर तोही योगायोग असू शकतो, दहात एकदा असं होतं. पाच किंवा सहा जणांनी ओळखलं तर फरक खरा समजा, तो योगायोगाने जुळण्याची शक्यता शंभरात दोनहूनही कमी. इथे कुणाला ना कौतुक करावं लागतं ना वाईटपणा घ्यावा लागतो, म्हणून माणसं खरं बोलतात.

आता तुमच्या मऊ पडलेल्या चकल्या. डब्यात उरली असेल तर एक मोडून बघा. वरून कुरकुरीत आणि आत चिवट असेल तर आच मोठी होती. बाहेरून लवकर रंग आला, आतलं पाणी गेलंच नाही, ते दोन दिवसांत बाहेर पसरलं. रंगावर जाऊ नका. मध्यम आचेवर तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत चकली तळा. बाहेरून आतून सारखीच सादळली असेल तर कोमट असतानाच डबा बंद झाला, किंवा आल्यागेल्यासाठी झाकण सारखं उघडत राहिलं. मुंबईच्या दमट हवेत दुसरं कारण पुरेसं आहे. रोजच्यासाठी छोटा डबा वेगळा काढा. उरलेल्या चकल्या ओव्हनमध्ये 150 अंशांवर 8 ते 10 मिनिटं ठेवून पूर्ण गार होऊ दिल्या तर बहुतेक सावरतील.

आणि एक करून बघा. शेजारी ताट परत आणून देतील तेव्हा आपणच म्हणा, ‘यंदा तिसऱ्या दिवशी मऊ पडल्या ना हो?’ दोष मालकिणीनेच काढला की बोलायची चोरी राहत नाही. कुणाकडे दुसऱ्याच दिवशी पडल्या, कुणाकडे पाचव्या दिवसापर्यंत टिकल्या, डबा कुठला होता, सगळं कळेल. वही हाताशी असू द्या.