‘नॉर्मल म्हणजे नॉर्मल’ म्हणणाऱ्या वाचकांना

नमस्कार. एचआयव्हीतल्या जुलाबांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, जशीच्या तशी वर आहे. तुम्ही लिहिलंत : ‘एचआयव्हीतले पोटाचे दुर्मिळ संसर्ग म्हणजे लॅबवाल्यांनी बिलासाठी उभं केलेलं भूत. स्टूल रिपोर्ट नॉर्मल म्हणजे नॉर्मल, पुन्हा पुन्हा डबी कशाला?’

बिलाचं वाक्य समोर बसून बोलला असता का? मिरजेत वीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसलोय, तेव्हा ते झोंबलंच. एक मात्र मान्य. एचआयव्हीबाधिताच्या ‘प्रत्येक जुलाबात’ खास तपासणी करा असं लेखात लिहिलं, ही माझी चूक. सीडी४ (रक्तातल्या संरक्षक पेशींची संख्या) २०० च्या खाली आणि जुलाब दोन आठवड्यांहून लांबलेले, असं हवं होतं. दुरुस्त केलंय.

आता ‘नॉर्मल’. साध्या सलाइन-आयोडीनच्या स्लाइडवर क्रिप्टोस्पोरिडियम हा आतड्यातला परजीवी सहसा हुकतोच. ४ ते ६ मायक्रॉनचा गोल दाणा, यीस्टसारखाच दिसणारा. त्याला सुधारित ॲसिड-फास्ट स्टेन (रंगवण्याची खास पद्धत) लागतो : स्मिअर वाळवा, मेथनॉलने पक्का करा, कार्बोल फुक्सिन घाला, मग सौम्य ॲसिडने रंग काढा आणि शेवटी मेथिलीन ब्लू. ॲसिड १ टक्क्याचं. गोची इथेच होते. टीबीच्या थुंकीसाठी ठेवलेलं २५ टक्क्यांचं ॲसिड कुणी घाईत ओतलं, तर दाण्याचाही रंग धुऊन जाऊ शकतो आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’! नीट केलं तर निळ्यावर लाल दाणे दिसतात, यीस्ट निळंच राहतं. सिस्टोआयसोस्पोरा हा दुसरा परजीवी लांबट, २५ ते ३० मायक्रॉनचा, तो ओळखू येतो. शिवाय दाणे रोज पडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवशीच्या तीन डब्या. बिलासाठी नव्हे हो.

फरक काय पडतो? सिस्टोआयसोस्पोराला को-ट्रायमॉक्साझोल चांगलं लागू पडतं. क्रिप्टोला खात्रीचं औषध नाही, एआरटीने (एचआयव्हीवरच्या औषधांनी) सीडी४ वर आला तरच तो हटतो. तुम्ही सुचवलेलं मेट्रोनिडाझोल दोन्हीकडे निरुपयोगी. पाण्यात टाकतो त्या क्लोरीनच्या थेंबांनी क्रिप्टो मरत नाही, पाणी उकळावंच लागतं.

सीएमव्ही या विषाणूवरचा तुमचा टोमणा सोडून देतो. सीडी४ ५० च्या खाली असताना आतड्याचा तुकडा तपासल्याशिवाय नुसत्या रक्ताच्या पीसीआरवर (विषाणूचा अंश शोधणाऱ्या चाचणीवर) त्याचं निदान ठरत नाही, हे मूळ लेखात होतंच. वाचायचे कष्ट घेतले असते तर दिसलं असतं.

तुमच्याकडच्या ‘नॉर्मल’ रिपोर्टवर कोणता स्टेन केला ते लिहिलंय का, तेवढं बघून सांगा. नसेल लिहिलं, तर लॅबला फोन करून विचारा.