एका आजींच्या प्रतिक्रियेला उत्तर: दाणे, मोची आणि चार वर्षांची लेक

आजी, नमस्कार. (तुम्ही नाव दिलं नाहीत, खाली नुसतं ‘दोन नातवंडांची आजी’ लिहिलंत, म्हणून आजीच म्हणते.)

तुमचं म्हणणं असं, की इथे जपानमध्ये फोटोंच्या हौसेपायी मी चार वर्षांच्या पोरीपुढे कडक दाणे आणि चिकट मोची (तांदळाचा कुटलेला गोळा) ठेवते, तिला त्यातलं कळत काही नाही आणि आपली पुरणपोळी ब्लॉगवर दिसत नाही.

दाण्यांबाबत तुमचं बरोबर, माझं चुकलं. सेत्सुबुन या सणाला, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, भाजलेले सोयाबीन उधळत ‘ओनी वा सोतो, फुकु वा उची’ म्हणजे ‘राक्षस बाहेर, सुख आत’ असं ओरडायचं आणि मग वयाइतके दाणे खायचे. वय चार, दाणे चार, एवढाच हिशेब मी केला. इथलं सरकारी ग्राहक खातं मात्र बजावून सांगतं, की पाच वर्षं आणि त्याखालच्या मुलांना कडक दाणे देऊच नका, श्वासनलिकेत जातात. तो फोटो ब्लॉगवरून काढून टाकलाय. पुढच्या वर्षी दाणे कागदाच्या पुड्यांत बांधून फेकू.

मोची तिला अजून दिलेलीच नाही. फोटोतला ओझोनीचा, म्हणजे मोची घातलेल्या रश्शाचा, वाडगा माझा. तिच्या वाटीत त्याच रश्शातलं गाजर, मुळा आणि तोफू होतं.

पण ‘कळत नाही’ हे काही पटत नाही. लेक शंभर दिवसांची झाली तेव्हा सासूबाईंनी ओकुइझोमे केलं. भाजलेला ताई मासा, लाल भात, सूप असं सगळं मांडून प्रत्येक घास बाळाच्या ओठांना नुसता लावायचा. दात बळकट व्हावेत म्हणून काडीने दगडाला स्पर्श करून ती हिरडीलाही लावतात. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, “अगं, हे तर आपलं उष्टावण!” त्या दिवशी बाळाला काय कळतं, असं दोन्हीकडच्या कुणी विचारलं नाही.

आता नववर्षाचा ओसेचीचा डबा उघडला, की कमळकाकडीची चकती आधी तिच्या हातात जाते. भोकांतून पुढचं वर्ष स्वच्छ दिसावं म्हणून ती डब्यात असते, असं सासूबाईंनी सांगितलं. हिने डोळ्याला लावली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “टीव्ही दिसतोय.” मग चकती खाल्ली. गोड दातेमाकीचे, म्हणजे अंड्याच्या गुंडाळीचे, दोन तुकडे संपवले. हेरिंग माशाची अंडी चावून मुकाट्याने माझ्या तळहातावर परत ठेवली. काळे सोयाबीन मऊ शिजवलेले असूनही मी चेपून दिले. म्हणजे जेवण असं फारसं झालं नाहीच, पोटासाठी नंतर वरणभात होताच. तुम्हाला हौस वाटली ती खरी आहे, पण ती माझ्याइतकीच तिच्या जपानी आजीचीही आहे आणि हे पदार्थ पोरीला परके नाहीत.

राहिली पुरणपोळी. होळीला केली होती. तिने आतलं पुरण चाटूनपुसून खाल्लं आणि पोळी घडी करून परत दिली.