निर्माता व्हायचंय? अभिनंदन!

स्वतंत्र निर्माता व्हायचं ठरवलंत, फार छान. या धंद्याला पदवी लागत नाही, परवाना लागत नाही. व्हिजिटिंग कार्ड छापून आलं की त्याच संध्याकाळी तुम्ही निर्माते. (भांडवल दुसऱ्याचं असतं. गहाण पडतं ते घर मात्र तुमचं.)

सुरुवात सोपी आहे. नटाकडे जा, तो म्हणेल, पैसे उभे राहिले की कळवा. पैसेवाल्याकडे जा, तो विचारेल, नट कोण? मग नटाला सांगायचं, पैसे आल्यातच जमा आहेत. पैसेवाल्याला सांगायचं, नट तयारच आहे. निर्मितीकौशल्य म्हणतात ते हेच. दोन-चार वर्षं रोज करावं लागतं, एवढंच.

परताव्याचा विषय निघालाच, तर १९९९ सालचा 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' पुढे करायचा: चिल्लर खर्चात केलेला सिनेमा, जगभरात कमाई सुमारे २५ कोटी डॉलर. त्या वर्षी तशाच चिल्लर खर्चात केलेल्या बाकीच्या सिनेमांचं काय झालं, हे कोणी विचारत नाही. तुम्हीही आपणहून सांगू नका.

सिनेमा झाला की सनडान्सला, म्हणजे स्वतंत्र सिनेमांच्या अमेरिकेतल्या नामांकित महोत्सवाला, धाडा. २०२४ साली तिथे ४,४१० पूर्ण लांबीचे चित्रपट आले, घेतले गेले शंभराहून कमी. आपला त्यात असणारच, असं सगळ्यांनाच वाटत होतं. पण त्यांचं सोडा, तुमची गोष्ट वेगळी.

आता कमाई. तिच्या वाटपाला 'वॉटरफॉल' म्हणतात आणि तुमची जागा तळाशी, बादली घेऊन. आधी थिएटरवाला भिजतो. मग वितरकाचं कमिशन. मग त्याने केलेला जाहिरातखर्च, ज्याचा हिशोबही तोच ठेवतो. मग सेल्स एजंटचं, म्हणजे सिनेमा देशोदेशीच्या वितरकांना विकणाऱ्याचं, कमिशन आणि त्याच्या फिरतीचा खर्च. फ्रान्समधल्या 'कान' महोत्सवाला गेल्यावर त्याच्या खोलीतून समुद्र दिसत होता तो तुमच्याच पैशाने, हे विसरू नका. मग कर्ज, व्याजासकट. मग गुंतवणूकदाराचं मुद्दल आणि वर बहुधा २० टक्के. मग ज्यांना तुम्ही 'मानधनाचं नंतर बघू' म्हणाला होतात, ते सगळे. एवढं होऊन जे उरेल तो निव्वळ नफा, आणि त्यातला चक्क अर्धा तुमच्या बाजूचा!

खचू नका. ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाची बाहुली दिग्दर्शकाला नव्हे, निर्मात्यांना मिळते. भाषण आत्ताच पाठ करून ठेवा. वेळ भरपूर आहे. पुढच्या सिनेमाचा नट म्हणालाय, पैसे उभे राहिले की कळवा.