मिरगीची गोळी बंद करणारी हिप्नोथेरपी कोणती?

सध्या एक मेसेज धुळे-जळगावकडच्या ग्रुपांवर धो धो फिरतोय. 'संमोहन आणि हिप्नोथेरपी यातला फरक ९९ टक्के लोकांना माहीत नाही' अशी त्याची सुरुवात, वर कमळ, खाली हात जोडलेले. ज्यांच्यापर्यंत अजून आला नसेल त्यांच्यासाठी सार सांगतो. संमोहन म्हणजे दुसऱ्याच्या मनावर ताबा मिळवायची धोकादायक विद्या, आणि हिप्नोथेरपी म्हणजे त्याहून अगदी वेगळा, शुद्ध शास्त्रीय उपचार. तो थेट अंतर्मनात शिरतो, आणि अंतर्मन म्हणजे मनाचा ९० टक्के भाग. तिथं मागच्या जन्माच्या आठवणी असतात, आजाराचं मूळ तिथंच सापडतं. संमोहित माणूस खोटं बोलूच शकत नाही. तीन बैठकांत तंबाखू सुटते, शंभर टक्के गॅरंटी. मिरगी, शुगर, बीपीच्या गोळ्या २१ दिवसांत बंद होतात. जगातल्या डॉक्टरांच्या संघटनांनी हे मान्य केलंय, पण औषध कंपन्या तुम्हाला कळू देत नाहीत. शेवटी शिबिराचा पत्ता, एक मोबाईल नंबर आणि 'निदान दहा जणांना पाठवा'.

माझं अमळनेरला मेडिकल आहे. असले मेसेज रोज येतात, रोज पुसतो. हा पुसला नाही, कारण माझा मावसभाऊ तो वाचून पोरीच्या गोळ्या थांबवायला निघाला होता. पोरगी दहावीला आहे, मिरगीचं औषध काही वर्षांपासून चालू. दर महिन्याला स्ट्रिपा न्यायला येणारा माणूस या खेपेला चिठ्ठीऐवजी मोबाईल पुढं करतो आणि म्हणतो, "जिभाऊ, तिले आते काही व्हत नही, मंग गोया बंद करी टाकूत का?" मेसेज कुणी पाठवला विचारलं, तर शाळेतल्या सरांनी. आता यावर काय बोलावं!

म्हणून मेसेजच्या क्रमानं न जाता आधी याच मुद्द्याचा समाचार घेतो.

'तिला आता काही होत नाही' हे खरं आहे. पण होत नाही, ते गोळी पोटात जाते म्हणून. मिरगीत मेंदूतल्या पेशींचे विजेसारखे संदेश अचानक बेताल सुटतात. गोळी त्यांना आवरून धरते, रोज, ठराविक वेळेला. ती एकदम काढून घेतली की झटके परत येतात, कधी आधीपेक्षा जोरात. एक झटका संपून माणूस शुद्धीवर यायच्या आत दुसरा सुरू होतो, किंवा एकच झटका पाच मिनिटांच्या वर चालतो. डॉक्टर त्याला स्टेटस एपिलेप्टिकस म्हणतात. त्यात माणूस दगावू शकतो, वाचला तरी मेंदूला इजा होऊ शकते. आणि आपल्याकडं झटका काय गादीवर झोपल्यावरच येईल असं थोडंच आहे? विहिरीच्या काठावर, चुलीपुढं, मोटारसायकलवर मागं बसलेलं असताना आला तर शिबिरवाला धावत येणार आहे का?

मिरगीची गोळी कधीच बंद होत नाही, असं मी म्हणत नाही. पुष्कळांची होते, पोरांची तर विशेष. साधारण दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ एकही झटका आला नाही तर डॉक्टर तसा विचार करतात, गरज वाटली तर ईईजी म्हणजे मेंदूचा आलेख काढतात, मग डोस काही महिने लावून थोडा थोडा उतरवतात. मधे झटका आला तर परत चढवतात. २१ दिवस हा आकडा यात कुठंच बसत नाही.

मेसेजमध्ये 'अनुभव' म्हणून एका बाईंची गोष्ट आहे: रोज फिट यायच्या, कुठल्याच औषधानं फरक नव्हता, दोन बैठकांत बऱ्या झाल्या. ही गोष्ट खोटीच असेल असं नाही. नाइलाजानं कबूल करतो, असं घडू शकतं. कारण फिट म्हणून ज्या दिसतात त्या सगळ्या मिरगीच्या नसतात. काही जणांना जबर मानसिक ताणातून हुबेहूब तसेच झटके येतात, अंग ताठतं, हातपाय झाडतात, पण त्या वेळी मेंदूच्या आलेखात मिरगीचा मागमूस नसतो. ते नाटकही नसतं, पेशंटच्या हातात काही नसतं. अशांना मिरगीची गोळी लागू पडत नाही, मानसोपचार लागू पडतात, आणि त्या उपचारांत संमोहनाचाही वापर झालेला आहे. फरक कुठला झटका कुठल्या जातीचा हे ओळखण्यात आहे. त्यासाठी न्यूरोवाले, म्हणजे मेंदूचे डॉक्टर, कधी कधी पेशंटला कॅमेऱ्यासमोर ठेवून तासन्‌तास ईईजी काढतात. मंगल कार्यालयात सतरंजीवर दीडशे माणसं एकदम डोळे मिटून बसवणाऱ्याला ते कसं कळणार? आणि एकाच पेशंटला दोन्ही प्रकारचे झटके असू शकतात, ते वेगळंच.

शिवाय खऱ्या मिरगीतही दोन झटक्यांत कधी आठवडे, कधी महिने जातात. मधल्या काळात जे काही केलं त्याला श्रेय मिळतं. फिट आलेल्याच्या नाकाला चप्पल लावतात ना, तसंच. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपले आपण थांबतात, पण गावभर बोलबाला चपलेचा.

मी मेसेजवरच्या नंबरला फोन लावला होता. शिक्षण काय विचारलं, तर 'सर्टिफाइड मास्टर'. कशातले मास्टर, ते दोनदा विचारूनही कळलं नाही. मिरगीच्या पेशंटच्या गोळ्या तुमच्या सांगण्यावरून बंद झाल्या आणि झटका आला तर जबाबदार कोण, असं विचारल्यावर उत्तर आलं, "आम्ही कुणाला गोळ्या बंद करायला सांगत नाही, पेशंट स्वतःहून करतात." बरं, मग एवढं वाक्य मेसेजमध्ये घाला म्हटलं. "बघू" म्हणाले.

आता तो मथळ्यातला फरक. संमोहन वाईट, हिप्नोथेरपी चांगली, दोन्ही वेगळ्या विद्या. हे साफ चूक आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या संमोहन विभागानं २०१४ साली दोन्हींच्या व्याख्या नक्की केल्या. लक्ष एका ठिकाणी एकवटलेलं, आजूबाजूचं भान कमी झालेलं आणि सूचनेला प्रतिसाद देण्याची क्षमता वाढलेली अशी जाणिवेची अवस्था म्हणजे संमोहन. आणि वैद्यकीय किंवा मानसिक आजारावर, तक्रारीवर उपचार करताना त्या संमोहनाचा केलेला वापर म्हणजे हिप्नोथेरपी. संपलं. यात ताबा नाही, विद्या नाही, गाढ झोप नाही. गॅदरिंगमध्ये पोराला कांदा सफरचंद म्हणून खायला लावतात तेव्हा वापरतात तेही संमोहन आणि दवाखान्यात वेदना कमी करायला वापरतात तेही संमोहनच. वेगळा असतो तो हेतू, आणि समोरच्या माणसाचं शिक्षण.

हे नीट लक्षात घेतलं की मेसेजचा अर्धा डोलारा तिथंच कोसळतो. संमोहनात स्वतःची अशी औषधी ताकद नसेल, ते उपचाराला जोड म्हणून येत असेल, तर उपचार करणाऱ्याला मूळ आजाराची माहिती पाहिजे. दातांच्या डॉक्टरनं दात काढताना भीती घालवायला वापरावं, मानसोपचारतज्ज्ञानं चिंताविकारात वापरावं. जो आजार तुम्हाला संमोहनाशिवाय हाताळता येत नाही तो संमोहन लावूनही हाताळू नका, असा या क्षेत्रातल्या जबाबदार लोकांचा संकेतच आहे. मिरगी हाताळायला कुणाला येतं ते मेडिकलवाल्यानं वेगळं सांगायला नको. आणि त्या व्याख्येतली 'क्षमता' सगळ्यांत सारखी नसते. १९५९ पासून स्टॅनफर्डच्या मोजपट्ट्या वापरून ती मोजतात. काही जण पटकन प्रतिसाद देतात, काही जण जवळजवळ देतच नाहीत, बहुतेक मधे कुठंतरी. मग 'शंभर टक्के गॅरंटी' कुठून आणली?

'संमोहित माणूस खोटं बोलू शकत नाही.' मला गोळ्यांच्या खालोखाल भीती या वाक्याची वाटते. संमोहनात माणूस हवं ते बोलू शकतो, मुद्दाम खोटंही. त्याहून वाईट म्हणजे, न घडलेलं मनापासून खरं मानून बोलू शकतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या तज्ज्ञ समितीनं १९८५ साली हेच तपासलं. निष्कर्ष असा की संमोहनातून काढलेल्या आठवणी साध्या आठवणींपेक्षा जास्त अचूक नसतात, उलट कमी भरवशाच्या निघतात. रिकाम्या जागा मन आपल्या कल्पनेनं भरतं, आणि सूचना घ्यायला ते त्या वेळी तयारच बसलेलं असतं. तुम्ही मागच्या जन्मी कोण होता असं विचारलं की उत्तर येणारच. त्यात शक्यतो कुणी साधा सालदार नसतो म्हणा, राजे-सरदारच जास्त.

मागच्या जन्मापर्यंत हसून सोडता येईल. पण हाच प्रश्न 'तुला हे कुणी केलं?' असा विचारला तर? आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबारच्या पाड्यांवर, बाईला डाकीण ठरवून मारझोड झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या घटना घडलेल्या आहेत, अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी तिथं वर्षानुवर्षं काम केलंय. आजारी माणसाच्या तोंडून डोळे मिटल्या अवस्थेत शेजारणीचं नाव निघालं, आणि वरून शिकलेला, टाय लावलेला माणूस म्हणाला की संमोहनात कुणी खोटं बोलत नाही, तर भगतापेक्षा हा परवडला असं कसं म्हणायचं? एखाद्यानं करणी केली असं भासवून त्याला बदनाम करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. मेसेज ढकलणाऱ्या सरांनी तेवढं तरी वाचावं.

बाकीचे मुद्दे भराभर. अंतर्मन ९० टक्के, हा आकडा कुठल्याही मोजमापातून आलेला नाही. तंबाखूचं म्हणाल तर सिगारेट सोडवण्यासाठी संमोहनाचे जे प्रयोग झाले ते सगळे एकत्र करून कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेनं २०१९ ला आढावा घेतला: इतर उपायांपेक्षा संमोहन सरस आहे असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. कुणाची सुटली असेल तर आनंद आहे, गॅरंटी मात्र नाही. शुगरमध्ये ज्यांचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही त्यांनी इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांतच जिवावर बेतू शकतं, यावर चर्चाच नको. मधुमेह आणि मिरगी बरी करण्याच्या औषधांच्या आणि चमत्कारी उपायांच्या जाहिरातींना १९५४ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे. शिबिर त्यात बसतं की नाही यावर वकील भांडोत.

डॉक्टरांच्या संघटनांनी मान्यता दिली हे मात्र अर्धं खरं आहे. ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं १९५५ ला आणि अमेरिकेतल्यांनी १९५८ ला संमोहन उपचारात वापरता येतं असं म्हटलं, तेही शिकलेल्या डॉक्टरांच्या हातून. आपल्याच देशात, हुगळीला, जेम्स एस्डेल नावाच्या सर्जननं १८४५ मध्ये एका कैद्यापासून सुरुवात करून संमोहनासारख्याच रीतीनं मोठमोठी ऑपरेशनं केली होती. तेव्हा भूल देणारं औषधच नव्हतं. ईथर १८४६ ला आलं, पाठोपाठ क्लोरोफॉर्म, आणि एस्डेलची पद्धत मागं पडली. आजच्या काळातलं उदाहरण हवं असेल तर आयबीएस. पोटात कळा, कधी जुलाब, कधी कोठा जड, तपासण्या सगळ्या नॉर्मल. मँचेस्टरच्या डॉक्टरांनी १९८४ ला अशा ३० जुनाट पेशंटांवर प्रयोग केला आणि संमोहनाचा चांगला गुण आला. पुढं २००८ ला ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेनं ते आपल्या मार्गदर्शिकेत घेतलं. कसं घेतलं ते बघा: १२ महिने औषधं देऊनही त्रास थांबत नसेल, तर इतर मानसोपचारांबरोबर संमोहनाचाही विचार करावा. खरी मान्यता अशी दिसते. एक आजार, एक अट, आणि 'विचार करावा'. औषधं फेकून द्या असं त्यात कुठंही नाही.

तेव्हा कुणाला हा उपचार घ्यायचाच असेल तर खुशाल घ्या, पण मानसोपचारतज्ज्ञ एमडीकडं किंवा भारतीय पुनर्वसन परिषदेकडं नोंद असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडं जा, आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. जवळ कुणी नसेल तर मनाच्या तक्रारींसाठी १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मिरगीसाठी मात्र न्यूरोवालाच.

मावसभावाला त्याच दिवशी पुढची स्ट्रिप देऊन डॉक्टरांची तारीख घ्यायला लावली. पण तोवर त्यानं तो मेसेज सासरवाडीच्या ग्रुपवर टाकलेला होता, तिथं अजून एका पोराला फिट येतात. म्हणून ज्यांनी ज्यांनी तो पुढं ढकललाय त्यांना सांगतो, नुसता डिलीट करू नका. डिलीट केला तरी ज्यानं वाचला त्याच्या डोक्यातून जात नाही. त्याच ग्रुपवर, त्याच मेसेजच्या खाली लिहा, की मिरगीची, शुगरची, बीपीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, आणि आपल्या ओळखीत ज्याच्या घरी असा पेशंट आहे त्याला आजच फोन करून गोळ्या चालू आहेत ना ते विचारा.