परदेशातून : व्यायामशाळा पाडायची की शाकारायची?

अमरावती जिल्ह्यातील आमच्या गावची जुनी व्यायामशाळा पाडून तिथे सिमेंटचे सभागृह बांधावे, असा ठराव येत्या ग्रामसभेपुढे येणार आहे. छपराचे कवेलू (कौले) माकडे टिकू देत नाहीत, भिंतींना लोना (ओलीबरोबर चढणारा खार) लागला आहे आणि बचत गटाला बसायला जागा नाही, असे ठरावाच्या बाजूचे म्हणणे आहे. विरोधक वाडवडिलांच्या आठवणींचा हवाला देतात. आठवणींवर छप्पर उभे राहत नाही, त्यामुळे विरोधकांची ही बाजू मला लंगडी वाटते. त्यांनी इमारतीबद्दल बोलायला हवे होते.

अमरावतीत १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले आणि १९३६ मध्ये त्याचे पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले. त्या वातावरणात आमच्या व्यायामशाळेसारख्या वास्तू उभ्या राहिल्या. आमच्या इथे दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती आहेत, सागवानी खांबांवर मयाली, म्हणजे आडव्या तुळया, टेकलेल्या आहेत, मल्लखांबावर चढलेल्या पोराचे डोके लागू नये म्हणून मधले छप्पर उंच घेतले आहे आणि आढ्याखालच्या झरोक्यांतून तापलेली हवा बाहेर पडते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला तरी कुस्तीच्या हौद्यातली ताक-तेल घालून मळलेली लाल माती थंड लागते. सिमेंटच्या स्लॅबखाली संध्याकाळी सहा वाजता कोण जोर-बैठका काढणार आहे?

मी राहतो त्या पश्चिम फिनलंडमध्ये खेडोपाडी युवक मंडळांची लाकडी सभागृहे आहेत. या चळवळीचे पहिले मंडळ १८८१ मध्ये कौहावा येथे निघाले. दारू आणि सुरामारीसाठी बदनाम असलेल्या त्या मुलखात तरुणांना वाचन, नाटक आणि नृत्याकडे वळवावे, हा त्यामागचा हेतू होता. म्हणूनच या इमारतींत एका टोकाला रंगमंच, दोन्ही बाजूंना उंच खिडक्या आणि मागे कॉफीचे स्वयंपाकघर आढळते. अल्वार आल्तो या जगप्रसिद्ध वास्तुविशारदाने शिक्षण संपण्यापूर्वीच आलायार्वी या गावच्या युवक मंडळासाठी अशी एक इमारत आखून दिली होती.

या इमारती टिकल्या त्या मुख्यतः दुरुस्तीच्या रीतीमुळे. भिंतीचा सर्वांत खालचा ओंडका ओलीने कुजला, की जॅक लावून इमारत जराशी उचलतात, तेवढाच ओंडका बदलतात आणि ती पुन्हा खाली बसवतात. बाहेरचा लाल रंग लोहयुक्त मातीत हिराकस आणि राय धान्याचे पीठ घालून, पाण्यात शिजवून करतात. तो लाकडाचा श्वास कोंडत नाही आणि मंडळाच्या सभासदांना स्वतः लावता येतो. अशा दुरुस्तीला सरकारी अनुदानही मिळते, मात्र खर्चाचा वाटा मंडळालाही उचलावा लागतो.

तिथे सगळे आलबेल आहे, असे मात्र नाही. तरुण शहराकडे गेले आहेत, आणि हिवाळ्यात सभागृह तापवण्याचा खर्च लहान मंडळांना झेपत नाही. पण एका बाबतीत आमच्यापेक्षा त्यांची बाजू निश्चितच उजवी आहे: तिथल्या युवक मंडळांत मुली पूर्वीपासून सभासद होत्या, आमच्या व्यायामशाळेचा उंबरा मात्र गावातल्या बायकांनी कधी ओलांडला नाही. तेव्हा बचत गटाच्या महिलांनी नवे सभागृह मागितले, तर त्यांना वारशाचे प्रवचन ऐकवण्याचा अधिकार पुरुषांना उरत नाही.

खरी अडचण पैशाच्या वाटेत आहे. आमदार निधी असो की ग्रामविकास खात्याच्या ‘पंचवीस-पंधरा’ (२५१५) योजनेचा, गावात येणारा पैसा सहसा नव्या बांधकामावर खर्च होतो, कारण त्यावर नावाची पाटी लागते. कवेलू फेरण्याचे भूमिपूजन अजून कोणी केलेले नाही!

ग्रामसभेने ठराव घेण्यापूर्वी अभियंत्याकडून दोन अंदाजपत्रके मागवावीत: एक पाडून बांधण्याचे, दुसरे लोना लागलेला भिंतीचा पाया व वाळवी लागलेल्या मयाली बदलून, माकडांसाठी कवेलूंवर जाळी टाकून, मागच्या मोकळ्या जागेत महिलांसाठी खोली आणि स्वच्छतागृह काढण्याचे. मुलींच्या मल्लखांबाची वेळही त्याच ठरावात लिहून घ्यावी. दुसऱ्या अंदाजपत्रकातील लोकवर्गणीच्या रकान्यात आम्हा बाहेरगावी गेलेल्यांची नावे आधी टाकली, तरी माझी हरकत नाही.