दख्खनचं पठार आणि साडेतीन गुंठे

आमच्या शाळेतल्या जगाच्या नकाशात सोव्हिएत संघ अजून शाबूत आहे. १९९१ साली तो मोडला, ही बातमी आमच्या कपाटापर्यंत पोचलेलीच नाही. भारताच्या नकाशात तेलंगण वेगळं झालेलं नाही आणि केरळचा खालचा अर्धा भाग उंदरांनी नेलाय. नकाशाची दोरी जुनी. ती निसटली की पहिल्या बाकावरच्या पोरांच्या डोक्यावर थेट युरोप येतो. वीस वर्षं याच कापडावर छडी टेकवून मी "हे दख्खनचं पठार" म्हणत आलो, पोरं "हो सर" म्हणत आली. कुणाचंच काही बिघडलं नाही.

मग लोकवर्गणीतून स्मार्ट बोर्ड आला. पाठोपाठ तालुक्याच्या गावी दोन दिवसांचं प्रशिक्षण. तिथल्या हॉलमध्ये पंखे होते, चहा होता, मुख्य म्हणजे नेट होतं. तज्ज्ञ मार्गदर्शकांनी बोटाने पृथ्वी गरकन फिरवली आणि सह्याद्रीच्या कड्यावरून आम्हाला अलगद कोकणात उतरवलं. मी भारावलो. एवढा भारावलो की परतीच्या एसटीत छत्री विसरलो.

आमचं गाव फलटण तालुक्यात, पालखीच्या वाटेपासून जरा आत. रेंज येते ती पाण्याच्या टाकीकडच्या खिडकीत. म्हणून माझा मोबाईल हॉटस्पॉट लावून खिडकीच्या गजाला सुतळीने बांधायचा, हा तासाचा पहिला विधी. मग बोर्डावर पृथ्वी हप्त्याहप्त्याने येते. आधी हिरवट डाग, मग चौकटी, मग गावं. ऐन रंगात कुणीतरी "सर, लोन हवंय का?" म्हणून मला फोन करतं आणि पृथ्वी जागच्या जागी थांबते.

मला आठवीला लाव्हाचे थर दाखवायचे होते, लोणारचं विवर दाखवायचं होतं. पावणेदोन किलोमीटर रुंदीचा तो गोल खड्डा वरून बघितला की उल्केचा दणका काय असतो ते न सांगता कळतं. पण पृथ्वी उघडली रे उघडली की वर्ग एका सुरात ओरडला, "सर, आमचं घर दावा!"

वर्गात ४३ पोरं. म्हणजे ४३ घरं, शिवाय ज्याच्या त्याच्या मामाचं एक. तीन तास यात गेले. एका गोठ्याशेजारच्या काळ्या ठिपक्यावरून तर हातघाईवर आलं. एकाचं म्हणणं, ती त्यांची म्हस. मी म्हटलं, बाभळीची सावली आहे. "न्हाय सर, ती तितंच बसती." याला भूगोलात उत्तर नाही.

ग्रीनलंडचा तास मात्र बरा झाला. सपाट नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ साली खलाशांच्या सोयीसाठी नकाशा असा काही ताणला की ध्रुवांकडचे देश फुगले. गोल फिरवून दाखवलं आणि आकडे फळ्यावर लिहिले. आफ्रिका ३ कोटी चौरस किलोमीटर, ग्रीनलंड साडेएकवीस लाख. म्हणजे एका आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड बसतील. मागून आवाज आला, "म्हंजे फोटूत लय दिसतंय, पर सातबाऱ्यावर कमी." नकाशा-प्रक्षेपणाची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची, एवढी नेटकी व्याख्या मला प्रशिक्षणातही मिळाली नव्हती.

आणि एक पंढरपूरचा तास. भीमा पोरांना पाठ होती. चंद्रभागाही ठाऊक होती. पण पंढरपुराशी नदी चंद्रकोरीसारखी वळते हे वरून पाहिल्यावर वर्ग आपोआप गप्प झाला. मग कुणीतरी म्हणालं, "आळंदीपासनं वाट काढा." अडीचशे किलोमीटरच्या आसपासची चाल. नकाशा म्हणाला, पन्नासेक तास. एक पोरगी उठली. "खोटं हाय सर. आज्जीला अठरा-वीस दिवस लागत्यात." नकाशाला मुक्काम माहीत नव्हते. ते पोरांनी घातले. दिवे घाटात लागणारा दम, जेजुरीचा भंडारा, नीरा स्नान, चांदोबाच्या लिंबाजवळचं उभं रिंगण. शिवाय आज्जीच्या दिंडीला दर साली पिठलं-भाकरी कुठल्या वस्तीवर मिळते, ती खूणही तिने नेमकी लावली. त्या तासाला मी जवळजवळ काहीच शिकवलं नाही, आणि पुन्हा तसं काही जमलं नाही.

कारण पुढच्याच आठवड्यात मी त्यांना मोजपट्टी दाखवली.

नकाशावर चार कोपऱ्यांना बोट लावलं की क्षेत्रफळ येतं. आम्ही शाळेचं ग्राउंड मोजलं. उत्तर चौरस मीटरमध्ये आलं, पोरांचे चेहरे कोरे. तेव्हा मी, नको तिथे हुशारी दाखवून, सांगितलं, "१०१ चौरस मीटर म्हणजे साधारण एक गुंठा." वर्गात वीज चमकावी तसं झालं. ज्याला सातचा पाढा येत नाही, त्या पोराने पुढे येऊन आपल्या गटाचे चार कोपरे टिपले आणि तोंडी भागाकार करून जाहीर केलं, "साडेतीन गुंठं कमी भरतंय." मग सावकाश मान वळवून आपल्या बाकावरच्या जोडीदाराकडे पाहिलं. "ह्येंनी बांध कोरलाय."

मधल्या सुट्टीत दोघांनी डबे वेगळे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधीच दोघांचे वडील हजर. एकाकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा, दुसऱ्याकडे बहात्तरच्या दुष्काळापासूनची बांधाची आठवण. "सर, तेवढं टीव्हीवर काढा." मी समजावलं, की फोटो वरून काढलेला असतो, तो जुना असतो, जरा सरकलेलाही असतो. बोर्डावर बोटाची जाडी म्हणजे शेतात पाच-सहा फूट. खरी मोजणी भूमी अभिलेखचीच. दोघांनी शांतपणे ऐकून घेतलं. भांडणात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं. "ती व्हईलच वो. पर तुमची फुकाट हाय."

आठवडाभरात माझ्याकडे सहा गट, एक पाणंद आणि एक सामायिक विहीर आली. एक म्हातारी मात्र बांधासाठी आली नव्हती. तिला कोपरगावाकडे दिलेल्या लेकीचं घर बघायचं होतं. शोधून दिलं. तिने बोर्डाला नाक लावलं आणि विचारलं, "दारात कोण दिसतंय का?" मी म्हटलं, आजी, फोटो दोन वर्षांपूर्वीचा आहे. "मग कशी दिसंल? तवा ती हितंच बाळंतपणाला आल्ती." एवढं बोलून समाधानाने गेली.

अखेर मुख्याध्यापकांनी दाराला पाटी लावली. 'येथे मोजणी करून मिळणार नाही.' मीही वर्गात खणखणीत सांगितलं, की असल्या फोटोवरून बांध ठरवणं म्हणजे ग्रीनलंड बघून आफ्रिकेशी भांडणं. कापडी नकाशा पुन्हा खिळ्याला टांगला. सोव्हिएत संघ जागेवर होता.

त्या रात्री जेवण झाल्यावर सहज मोबाईलवर आमचं गाव उघडलं. निव्वळ साधनाची अचूकता तपासायला. वाटणीत मला आलेलं रान सव्वा एकर, म्हणजे ५० गुंठे. शेजारचं धाकट्या भावाचं, आणि कसायला दोन्ही त्याच्याकडेच. चार कोपरे टिपले. ४६ भरले. चष्मा पुसून पुन्हा टिपले. ४६. तिसऱ्यांदा बोट अगदी बांधाच्या कडेला नेऊन ठेवलं, तेव्हा कुठे साडेसेहेचाळीस.

साडेदहा वाजले होते, तरी भावाला फोन लावला. आधी पाऊसपाणी विचारलं, मग म्हशीचं, मग विषयाकडे वळणार इतक्यात तोच म्हणाला, "दादा, बरं झालं तूच केलास. मी सकाळी करणारच होतो. पोरानं आज शाळेत मोजलं. आपल्या मधल्या बांधाला माझं चार गुंठं कमी भरतंय."