'पावडर चाटवणारे' म्हणणाऱ्या वाचकांना

साहेब,

क्रिएटिन म्हणजे स्नायूंना झटपट जोर पुरवणारा शरीरातलाच घटक, खेळाडू तो पावडरमधूनही घेतात. त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "अर्धवट माहितीवर पोरांना पावडर चाटवणाऱ्यांनी आधी किडनीच्या डॉक्टरांना विचारावं. क्रिएटिनिन वाढतं, केस गळतात आणि आपल्या आहारात सगळं असतंच."

आधी 'चाटवणाऱ्यां'बद्दल. मी पावडर विकत नाही, लेखात एकाही कंपनीचं नाव नाही. माझी उमेद कबड्डीच्या मैदानावर गेली, आता तिथेच पोरांना शिकवतो. त्यांचे आईबाप मला ओळखतात. त्यांच्यासमोर हा शब्द तुमच्या तोंडून निघाला असता का? मतभेद खुशाल असू द्या, पण चार माणसांत बोलतो तसं लिहायला काय हरकत होती?

एक मान्य. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, हे वाक्य लेखाच्या तळाशी होतं. ते वर घेतलंय.

आता क्रिएटिनिन. ते क्रिएटिनचंच विघटन होऊन बनतं, त्यामुळे पावडर घेणाऱ्याच्या रक्तात थोडं जास्त दिसू शकतं. तेवढ्यावरून किडनी बिघडली असं परस्पर ठरवता येत नाही. आमच्या एका चढाईपटूच्या रिपोर्टवर हा आकडा ठळक अक्षरांत आला, तेव्हा त्याच्या आईने डबा उचलून कचऱ्यात टाकला. डॉक्टरांनी सिस्टॅटिन-सी ही किडनीचीच वेगळी रक्ततपासणी करायला सांगितली, ती नॉर्मल निघाली. निरोगी माणसाने रोज ३ ते ५ ग्रॅम घेतल्याने किडनीला इजा होते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. डॉक्टरांना विचारा म्हणता ना? विचारूनच लिहिलंय.

आणि हे जिममधलं कालचं खूळ नव्हे. स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे क्रिएटिनचं साठवणीतलं रूप, १९२७ मध्ये सायरस फिस्क आणि आपल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी हार्वर्डमध्ये दाखवून दिलं. चढाई ३० सेकंदांची, पण गडी टिपून मध्यरेषेकडे झेपावायचं ते दोन-तीन सेकंदांत. त्या वेळी खर्च झालेलं एटीपी, म्हणजे स्नायूंचं इंधन, लगोलग भरून देतं ते हेच. मॅरेथॉन धावणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही, हेही लिहिलं होतं. पूर्ण वाचलं असतंत तर दिसलं असतं.

केसांवर वेळ घालवत नाही. आहाराचं म्हणाल, तर कच्च्या मांसात किलोमागे साधारण ४-५ ग्रॅम क्रिएटिन असतं, डाळ-भाकरीत जवळजवळ नाहीच. माझ्या बऱ्याच पोरांच्या घरी मटण शिजलं तर रविवारी, काहींकडे तेही नाही. त्यांनी काय खावं ते जरूर सांगा. फक्त नीट भाषेत.